मास्ट पेशी, ॲलर्जी आणि दमा : डॉ. रॉजर अल्टुन्यान यांच्या औषधाविषयीच्या तीन प्रश्नांना उत्तर

प्रश्न एका आईने विचारला आहे. त्यांच्या शाळकरी मुलीला लहानपणापासून शिंका, अंगावर गांधी उठणे आणि दमा असा त्रास आहे. त्वचेच्या चाचणीत घरातील धुळीतले सूक्ष्म कीटक आणि मांजर या दोन्हींची ॲलर्जी दिसून आली. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी मास्ट पेशींचा उल्लेख केला, म्हणून आईने अधिक वाचन केले. त्यात डॉ. रॉजर अल्टुन्यान यांचे नाव आले. या ब्रिटिश डॉक्टरांनी स्वतःला दमा असताना स्वतःवरच प्रयोग करून मास्ट पेशींना आवरणारे औषध शोधले होते. त्यावरून ताईंचे प्रश्न तीन आहेत. सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळीने शिंका आणि गांधी थांबतात, मग दमा का थांबत नाही? अल्टुन्यान यांचे औषध आज मुलांना का दिले जात नाही? आणि रोजचा स्टेरॉइडचा पंप टाळता येणार नाही का?

तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच असल्यामुळे थोडक्यातले उत्तर आधी देतो. मास्ट पेशी ही ॲलर्जीची प्रतिक्रिया घडवणारी शरीरातील एक संरक्षक पेशी आहे; ती उद्दीपित झाली की तिच्यातून अनेक द्रव्ये बाहेर पडतात आणि हिस्टामिन हे त्यांपैकी केवळ एक आहे. नाकाच्या आणि त्वचेच्या त्रासात हिस्टामिनचा वाटा मोठा असतो, दम्यात तो लहान असतो. अल्टुन्यान यांचे औषध या पेशींना आवर घालणारे होते आणि ते खरोखर गुणकारी होते, परंतु दम्यात श्वासनलिकेला जी सूज महिनोन्महिने टिकून राहते, ती उतरवण्याची ताकद त्यात पुरेशी नव्हती. स्टेरॉइडच्या पंपात ती आहे. आता हे सविस्तर पाहू.

मास्ट पेशी रक्तात फिरत नाहीत. त्यांचे पूर्वज अस्थिमज्जेत तयार होतात, रक्तावाटे ऊतींमध्ये पोहोचतात आणि तिथेच परिपक्व होऊन दीर्घकाळ राहतात. शरीराचा बाहेरच्या जगाशी जिथे संपर्क येतो, म्हणजे त्वचा, नाक, श्वासनलिका आणि आतडी, तिथे त्या विशेष दाटीने आढळतात. पॉल एर्लिख यांनी 1878 मध्ये लाइपझिग विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात ॲनिलीन रंगद्रव्यांच्या साहाय्याने त्यांचे वर्णन केले. या पेशींतील दाणे रंगद्रव्याचा मूळ रंग न घेता जांभळट दिसत, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली त्या लगेच ओळखू येत. मात्र त्या काय काम करतात हे त्यानंतर पाऊण शतक कळले नव्हते. 1937 मध्ये स्वीडनमध्ये त्यांच्यात हेपरिन हे रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्याचे दिसून आले, आणि 1950च्या दशकाच्या आरंभी स्कॉटलंडमधील डंडी येथे जेम्स रायली आणि जेफ्री वेस्ट यांनी शरीराच्या ऊतींमधील हिस्टामिनचा साठा मुख्यतः याच पेशींत असतो हे दाखवून दिले.

या पेशींना चेतवते कोण, हा दुसरा धागा वेगळ्या वाटेने उलगडत होता. 1921 मध्ये कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर यांनी एक साधा आणि धाडसी प्रयोग केला. क्युस्टनर यांना माशांची ॲलर्जी होती. त्यांचा रक्तद्रव प्राउस्निट्झ यांच्या त्वचेत टोचला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचल्यावर तिथे गांध उठली. ॲलर्जीचा कारक घटक रक्तद्रवात असतो आणि तो दुसऱ्याच्या त्वचेत जाऊन बसू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. तो घटक म्हणजे आयजीई हे प्रतिपिंड आहे, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे स्वीडनमधील उप्साला येथे योहान्सन आणि बेनिख यांनी 1966 ते 1967 या काळात ते शोधले. आयजीई मास्ट पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहींना, म्हणजे ठरावीक द्रव्य पकडणाऱ्या जागांना, घट्ट चिकटून राहते. ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे तो आला आणि शेजारशेजारची दोन आयजीई त्याने एकमेकांना जोडली, की पेशी काही क्षणांतच आपले दाणे बाहेर टाकते.

ताई, तुमच्या मुलीच्या हातावर झालेल्या चाचणीत हीच घटना डोळ्यांसमोर घडते. हाताच्या आतील बाजूस निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवले जातात आणि प्रत्येक थेंबातून बारीक टोकाने त्वचा किंचित टोचली जाते. एक थेंब नुसत्या सलाइनचा असतो, तर एक थेट हिस्टामिनचा असतो. पंधरा मिनिटांनी पाहिले, तर सलाइनची जागा सपाट असते आणि हिस्टामिनच्या जागी खाजणारा, फिकट, उंचवटलेला फुगवटा व त्याभोवती लाली दिसते. धुळीतल्या कीटकांच्या अर्काच्या जागीही तसाच फुगवटा आला आणि तो सलाइनपेक्षा किमान 3 मिलिमीटरने मोठा असला, तर त्या जागच्या मास्ट पेशींवर त्या कीटकाविरुद्धचे आयजीई बसलेले आहे असे समजतात. चाचणीपूर्वी काही दिवस सेटिरिझिन बंद करायला सांगतात, कारण ते चालू असेल तर हिस्टामिनच्या थेंबालाही फुगवटा येत नाही आणि संपूर्ण चाचणी निरर्थक ठरते. त्वचेतील या प्रतिक्रियेवर हिस्टामिनची किती पकड आहे, हे एवढ्यावरून लक्षात येईल.

श्वासनलिकेत मात्र परिस्थिती बदलते. मास्ट पेशीतील दाण्यांमध्ये आधीपासून साठवलेले हिस्टामिन आणि ट्रिप्टेज हे विकर असते, ते तत्काळ बाहेर पडते. त्यानंतर काही मिनिटांत ती पेशी आपल्याच पटलातील मेदाम्लांपासून नवी द्रव्ये तयार करते. प्रोस्टाग्लँडिन डी-2 आणि ल्युकोट्रायीन ही त्यांतली प्रमुख होत. ल्युकोट्रायीनची रचना 1979च्या सुमारास बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या गटाने उलगडली. मानवी श्वासनलिकेच्या तुकड्यावर प्रयोगशाळेत तपासले असता ती आकसवण्याच्या बाबतीत ल्युकोट्रायीन हिस्टामिनपेक्षा सुमारे हजारपट प्रभावी आढळले. सेटिरिझिन केवळ हिस्टामिनचा ग्राही अडवते, ल्युकोट्रायीनला ते हात लावत नाही. म्हणून त्या गोळीने शिंका थांबतात, गांधी बसतात, आणि छाती मात्र घरघरत राहते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. आपल्याकडे माँटेलुकास्ट आणि लिव्होसेटिरिझिन यांची एकत्रित गोळी अतिशय सर्रास दिली जाते, आणि माँटेलुकास्ट हे ल्युकोट्रायीनचा ग्राही अडवणारे औषध असल्यामुळे दोन्ही बाजू सांभाळल्या गेल्या असे अनेक पालकांना वाटते. नाक चोंदणे आणि सौम्य दमा यांत तिचा काही उपयोग जरूर होतो. परंतु ती पंपाची जागा घेऊ शकत नाही. शिवाय माँटेलुकास्टमुळे काही मुलांमध्ये झोपेत दचकणे, चिडचिड, खिन्नता असे मानसिक बदल आढळल्याने अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये त्यावर सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा छापणे बंधनकारक केले. ही गोळी चालू असताना मुलीच्या वागण्यात फरक जाणवला, तर तो परीक्षेचा ताण समजून सोडून देऊ नये, डॉक्टरांना कळवावा.

आता अल्टुन्यान यांच्याविषयी. त्यांचा जन्म 1922 मध्ये सीरियातील अलेप्पो येथे झाला. घराणे डॉक्टरांचे होते. आर्मेनियन आजोबांनी तिथे रुग्णालय चालवले होते, वडीलही डॉक्टर होते आणि आई इंग्रज होती. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन काही काळ त्यांनी अलेप्पोतील घरच्या रुग्णालयात काम केले, आणि 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात चेशरमधील बेंगर्स या औषध प्रयोगशाळेत ते रुजू झाले. ती पुढे फायसन्स कंपनीचा भाग म्हणून ओळखली गेली. त्यांना स्वतःला दमा आणि इसब दोन्ही होते.

प्रयोगशाळेत त्या वेळी खेलिन या नैसर्गिक द्रव्यापासून नवी संयुगे बनवण्याचे काम चालू होते. खेलिन हे पूर्व भूमध्य प्रदेशात उगवणाऱ्या एका वनस्पतीच्या बियांतून मिळते आणि तिकडच्या लोकवैद्यकात पोटातील मुरड्यावर ते पूर्वापार वापरले जात असे. स्नायू सैल करण्याच्या या गुणामुळे दम्यातही त्याचा उपयोग व्हावा, अशी मूळ अपेक्षा होती. नवी संयुगे तपासण्याची रूढ पद्धत गिनीपिगवर ॲलर्जीची प्रतिक्रिया घडवून ती थांबते का हे पाहण्याची होती. गिनीपिगच्या श्वासनलिकेत ही प्रतिक्रिया प्रामुख्याने हिस्टामिनवर चालते, म्हणून तिथे हिस्टामिनविरोधी औषधे उत्तम काम करतात आणि माणसाच्या दम्यात तीच निष्प्रभ ठरतात. हा फरक तेव्हाच्या संशोधनात पुरेसा ध्यानात घेतला जात नव्हता.

अल्टुन्यान यांनी त्या चाळणीवर विसंबायचे नाही असे ठरवले आणि माणसाच्या दम्यावरच औषध तपासायचे हा मार्ग धरला. तो माणूस ते स्वतः होते. त्यांना गिनीपिगच्या कोंड्याचीच ॲलर्जी होती. त्या कोंड्याचा अर्क ते हुंगत, त्यामुळे दम्याचा झटका येई, आणि जोराने सोडलेल्या श्वासातील पहिल्या सेकंदातली हवा किती घटली याची मोजणी होत असे. दुसऱ्या वेळी आधी चाचणीचे संयुग घ्यायचे, मग तोच अर्क, आणि पुन्हा तीच मोजणी. आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षे त्यांनी हे केले. आजची कोणतीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. तरीही माझ्या मते त्यांच्या धाडसाइतकीच त्यांची पद्धत महत्त्वाची आहे. एकच रुग्ण, एकच चेतवणारा पदार्थ आणि एकच मोजमाप ठेवल्यामुळे संयुगांची एकमेकांशी तुलना करणे शक्य झाले.

1965 मध्ये हाती आलेले संयुग म्हणजे डायसोडियम क्रोमोग्लायकेट. त्याचा स्वभाव तोवरच्या दम्याच्या सर्व औषधांहून निराळा होता. झटका आल्यावर ते घेतले तर काहीच होत नसे, कारण आकसलेली श्वासनलिका उघडण्याचा गुण त्यात नव्हताच. ॲलर्जीचा पदार्थ श्वासात जाण्यापूर्वी घेतले, तर मात्र झटका येतच नसे किंवा सौम्य येत असे. प्रयोगशाळेतील कामातून त्याचा अर्थ असा लागला, की हे औषध मास्ट पेशींना दाणे बाहेर टाकण्यापासून रोखते. 1967 मध्ये हॉवेल आणि अल्टुन्यान यांनी रुग्णांवरील चाचणी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. ती दुहेरी अंध पद्धतीची होती, म्हणजे कोणाला खरे औषध मिळत आहे हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते आणि रुग्णांनाही ठाऊक नव्हते. एका माणसाच्या छातीवर सापडलेली गोष्ट इतरांच्या छातीवरही टिकते, हे तिथे दिसले.

औषध पोटातून जवळजवळ शोषले जात नाही, त्यामुळे ते थेट श्वासनलिकेत पोहोचवणे भाग होते. त्यासाठी स्पिनहेलर हे उपकरण तयार झाले. आतमध्ये एक लहानसा पंखा असे, त्यावर 20 मिलिग्रॅम भुकटीची कॅप्सूल बसवली जाई, आणि रुग्णाने जोराने श्वास घेतला की त्या श्वासाच्याच जोराने पंखा फिरून भुकटी हवेत मिसळे. दाब देऊन फवारा मारण्याची गरजच नव्हती. आज आपल्या घरोघरी ज्या भुकटीच्या कॅप्सूलचे पंप दिसतात, त्यांची वंशावळ याच उपकरणापाशी जाते.

मग हे औषध मागे का पडले? पहिले कारण व्यवहाराचे होते. ते दिवसातून चार वेळा घ्यावे लागे, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाकडून हे रोज होणे कठीण असते. दुसरे कारण अधिक मूलभूत होते. 1972 मध्ये ब्रिटनमध्ये बेक्लोमेथासोन हे श्वासावाटे घेण्याचे स्टेरॉइड आले आणि तुलना होऊ लागली. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष इथे सांगतो, कारण ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तिच्यात आहे. 5 ते 12 वर्षे वयाच्या 1041 मुलांना चार ते सहा वर्षे बुडेसोनाइड, नेडोक्रोमिल किंवा प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच मात्रा) देण्यात आले. बुडेसोनाइड हे श्वासावाटे घेण्याचे स्टेरॉइड आहे. नेडोक्रोमिल हे क्रोमोग्लायकेटच्याच जातीचे औषध आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात बुडेसोनाइडने झटके, रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आणि तातडीच्या पंपाची गरज हे सगळे कमी झाले होते. नेडोक्रोमिलने तातडीच्या भेटी आणि तोंडी स्टेरॉइडचे कोर्स काही प्रमाणात घटले, परंतु बाकी बहुतेक बाबतींत ते प्लासिबोच्या जवळपासच राहिले. प्रामाणिकपणे हेही नोंदवले पाहिजे, की फुप्फुसांची दीर्घकालीन वाढ दोहोंपैकी कोणत्याही औषधाने सुधारली नाही.

मूळ सिद्धान्तालाही पुढे काही धक्के बसले. मानवी फुप्फुसातून वेगळ्या केलेल्या मास्ट पेशींवर क्रोमोग्लायकेटचा परिणाम अपेक्षेपेक्षा पुष्कळच क्षीण आढळला. म्हणजे माणसात ते जे काही करते, ते केवळ या पेशींना रोखून करत नसावे. मात्र अल्टुन्यान यांच्या मोजण्या त्यामुळे खोट्या ठरत नाहीत. झटका अडत होता हे खरेच होते, आणि तो का अडतो याचे स्पष्टीकरण अपुरे होते.

मास्ट पेशीचे दम्यातील खरे स्थान समजण्याच्या दृष्टीने मला 2002 मधील लेस्टर येथील काम सर्वांत मोलाचे वाटते. ब्राइटलिंग, ब्रॅडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दम्याचे रुग्ण, निरोगी माणसे आणि इओसिनोफिलिक ब्राँकायटिस या श्वासनलिकेच्या विकाराचे रुग्ण अशा तीन गटांच्या श्वासनलिकेचे सूक्ष्म तुकडे तपासले. या ब्राँकायटिसमध्ये खोकला असतो, अस्तरात दम्यासारखीच सूज असते, इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीही तितक्याच असतात, पण श्वासनलिका दम्यासारखी आकसत नाही. मग फरक कुठे होता? दम्याच्या रुग्णांत मास्ट पेशी थेट स्नायूंच्या थरात शिरून बसलेल्या होत्या, बाकी दोन्ही गटांत त्या तिथे क्वचितच होत्या. आकसण्याचे काम करणाऱ्या स्नायूंच्या अगदी शेजारी ल्युकोट्रायीन आणि प्रोस्टाग्लँडिन तयार होत असतील, तर थोड्याशा धुराने, थंड हवेने, हसण्याने किंवा धावण्यानेही छाती का भरून येते, हे समजणे सोपे जाते.

धुराचा विषय निघाला म्हणून महाराष्ट्राशी जोडलेली एक गोष्ट सांगतो. पुढे पुण्यात श्वसनविकारांवर संशोधन करणारे डॉ. संदीप साळवी इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या गटात असताना, स्वीडनमधील सहकाऱ्यांसह त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना एक तास डिझेलच्या सौम्य धुरात बसवले आणि सहा तासांनी त्यांच्या श्वासनलिकेचे तुकडे तपासले. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात, ज्यांना दमा नव्हता अशा माणसांच्या अस्तरातही मास्ट पेशी आणि न्यूट्रोफिल व लसिकापेशी या पांढऱ्या रक्तपेशी वाढलेल्या दिसल्या. रहदारीच्या रस्त्याला लागून घर किंवा शाळा असेल, तर हे गृहीत धरून मुलीचे औषध अधिक काटेकोरपणे चालू ठेवावे लागते.

आता तिसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर. स्टेरॉइडचा एक झोत घेऊन मास्ट पेशी थांबत नाही, आणि म्हणूनच पालकांना त्याचा उपयोग दिसत नाही. ॲलर्जीचा पदार्थ श्वासात गेल्यावर दहा-वीस मिनिटांत येणारा पहिला झटका एकाच मात्रेने टळत नाही. मात्र तीन-चार तासांनी सुरू होऊन पुढे कित्येक तास टिकणारी दुसरी प्रतिक्रिया, जिच्यामुळे मूल रात्री खोकत उठते, ती स्टेरॉइडने दबते. औषध आठवडे आणि महिने चालू राहिले की अस्तरातील मास्ट पेशींची संख्याही घटते, सूज उतरते आणि श्वासनलिकेचा चिडखोरपणा कमी होतो. पंप बंद केला की सूज आणि चिडखोरपणा हळूहळू पुन्हा परत येतो. म्हणून 'बरे वाटते, आता थांबवू' हा निर्णय घरी घेऊ नये.

उंचीची भीती खोटी नाही, पण तिचे माप ठाऊक असावे. वर सांगितलेल्या चाचणीतील मुले मोठी झाल्यावर बुडेसोनाइडच्या गटाची सरासरी उंची प्लासिबोच्या गटापेक्षा 1.2 सेंटिमीटरने कमी भरली, आणि हा फरक मुख्यतः उपचाराच्या सुरुवातीच्या काळात पडलेला होता. नियंत्रणाबाहेरचा दमा, त्यासाठी वारंवार घ्यावी लागणारी तोंडी स्टेरॉइड आणि बुडणारी शाळा यांच्या तुलनेत मी हा सौदा निःशंकपणे स्वीकारण्याचा सल्ला देतो. त्याच वेळी दमा आटोक्यात राहील अशी कमीत कमी मात्रा कोणती, हे दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासून घेण्याचा आग्रह धरावा. पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच घ्यावा आणि नंतर चूळ भरावी. निळ्या रंगाचा तातडीचा पंप केवळ आकसलेला स्नायू सैल करतो, सुजेवर त्याचा उपयोग नाही. तो एकटाच वापरून दमा सांभाळण्याची पद्धत 2019 पासून जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी प्रौढ आणि किशोरवयीन मुलांसाठी पूर्णपणे सोडून दिली आहे, आणि त्याहून लहान मुलांतही त्याच्या जोडीला स्टेरॉइड देण्याचीच दिशा आहे.

हे सर्व नीट करूनही दमा आटोक्यात आला नाही, तर सहा वर्षांवरील मुलांसाठी ओमालिझुमॅब हे इंजेक्शन आहे. ते रक्तातील मोकळ्या आयजीईला पकडते, त्यामुळे मास्ट पेशींवर बसायला आयजीई उरत नाही आणि काही आठवड्यांत पेशींवरील ग्राहींची संख्याही घटते. ते महाग आहे आणि दर दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यावे लागते, त्यामुळे ते पहिला पर्याय कधीच नसते.

क्रोमोग्लायकेट आज डोळ्यांत घालण्याच्या थेंबांच्या स्वरूपात मिळते. ॲलर्जीने मुलीचे डोळे खाजून लाल होत असतील, तर डॉक्टरांना विचारून ते वापरता येईल. मात्र त्यांचा गुण नियमित वापराने काही दिवसांनी दिसतो, खाज सुटल्यावर एखादा थेंब टाकून नाही. शिंका आणि गांधी यांसाठी सेटिरिझिन चालू ठेवण्यात काही गैर नाही. परंतु गांधी उठत असतानाच घसा आवळल्यासारखा झाला, आवाज बसला, धाप लागली, वारंवार उलट्या झाल्या किंवा मुलगी निपचित पडू लागली, तर ती शरीरभरच्या मास्ट पेशींची एकाच वेळी उसळलेली प्रतिक्रिया असते. अशा वेळी गोळीची वाट न पाहता तिला आडवे झोपवून (धाप जास्त असेल तर बसवून) ताबडतोब जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि मांडीच्या बाहेरील स्नायूत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन द्यायला सांगावे.